चिखल्याच्या मोरीजवळची काळी रेघ

१

फोन आला तेव्हा फौजदार सुनिता वांगड तलासरीजवळच्या पाड्यावर आईच्या घरी ओट्यावर बसून चहा पीत होती. सुट्टीचा दिवस होता.

"मॅडम, लगेच निघा," ठाण्यातला हवालदार दबक्या आवाजात बोलत होता. "बोर्डीच्या हरिश्चंद्र सावेंचा मुलगा गेला. ऋषभ. चिखल्याच्या मोरीजवळ टेम्पोनं उडवला. टेम्पोवाला आत आहे, पण बाहेर माणसं जमलीत. त्याला आमच्या ताब्यात द्या म्हणतात."

चहा तसाच राहिला. सुनिताने आपली मोटरसायकल बाहेर काढली.

ती पोहोचली तेव्हा मे महिन्याचं ऊन अंगावर यायला लागलं होतं. ठाण्याच्या फाटकाबाहेर किनाऱ्याकडची वाडीवाली मंडळी उभी होती. कुणी ओरडत नव्हतं, आणि सुनिताला तेच जास्त वाईट वाटलं. ओरडणारा जमाव दमतो. गप्प जमाव वाट बघतो. फाटकाच्या आत, पायरीच्या कोपऱ्यात एक बाई अंग आकसून बसली होती. तिच्या लुगड्यावर रक्ताचे डाग वाळून तपकिरी झाले होते. ती टेम्पोवाल्या लडक्याची बायको, तुळशी.

"बाय, आम्ही उचलला त्याला," सुनिता दिसताच ती एवढंच म्हणाली. "ठोकला असता तर उचलला असता का?"

"तू टेम्पोत होतीस?"

"हो. चिकूच्या पाट्या घेऊन डहाणूला चाललेलो. तो रस्त्यात पडलेला."

"आणखी कुठली गाडी दिसली?"

तुळशीने मान हलवली. "नाय."

आत ठाण्याचे मोठे साहेब घाम पुसत बसले होते. त्यांच्या लेखी प्रकरण सरळ होतं. पोरगं नव्या गाडीवरून सुसाट चाललं होतं. मोरीपाशी काहीतरी आडवं आलं, त्यानं ब्रेक दाबला, चाक जाम झालं, गाडी घसरत गेली. रस्त्यावर ही लांब काळी रेघ उमटलीय. मागून येणाऱ्या टेम्पोला आवरलं नाही. मोटरसायकलचा मागचा भाग चेपलाय, टेम्पोच्या बंपरला पोचा आहे. पोरगं उडून मोरीच्या कठड्यावर डोक्यावर आपटलं. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता.

"पोचा जुनाही असेल, साहेब."

"असेल. पण बाहेर बघितलंत ना? संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल केला नाही तर हे लोक फाटक मोडतील. आणि तुम्ही जरा जपून. लडक्या तुमच्यातला. लोक लगेच बोट दाखवतील."

वारल्यांच्या पाड्यावरून वर्दीत आल्यापासून हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की आता त्याचं उत्तर द्यायचं तिने सोडूनच दिलं होतं.

कोठडीत लडक्या भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा सुजून मिटला होता. पोलीस पोहोचायच्या आधी रुग्णालयाच्या आवारातच लोकांनी त्याला धुतला होता.

"मॅडम, तो जिता होता. म्हणून घेऊन गेलो. नायतर नसतो थांबलो." त्याने हुंदका गिळला. "आता कोण रस्त्यात पडला असंल तर थांबायचं का नाय, ते सांगा."

सुनिता तडक चिखल्याला गेली. सुरूच्या झाडांमधून जाणारा तो सरळ, गुळगुळीत रस्ता. मोरीच्या अलीकडे एकच काळी रेघ सुरू होत होती आणि जराही न तुटता, किंचित वळत, रक्त पडलं होतं तिथपर्यंत जात होती. रेघ ताजी होती. साहेबांचं म्हणणं दिसायला अगदी बरोबर होतं.

मग ती परत ठाण्याच्या आवारात आली आणि ऋषभच्या गाडीजवळ उकिडवी बसली. लाल, नवी कोरी, महिन्याभरापूर्वी घेतलेली. पुढच्या मडगार्डवर तीन अक्षरं होती. सुनिताने मागच्या चाकाच्या डिस्कवर बोट फिरवलं आणि उठून उभी राहिली.

रस्त्यावरची ती रेघ या गाडीची असूच शकत नव्हती.

२

"एबीएस," ती साहेबांना म्हणाली. "चाक जाम होऊच देत नाही, साहेब. ब्रेक करकचून दाबला तरी गाडी स्वतःच तो पकडते आणि सोडते, पकडते आणि सोडते, डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा. चाक फिरत राहतं. जे चाक फिरतंय ते अशी सलग रेघ ओढत नाही. ती जाम झालेल्या चाकाची खूण."

साहेब हसले. "माझ्या मुलाच्या गाडीलाही एबीएस आहे, मॅडम. पण पुढच्या चाकाला. मागचं चाक खुशाल जाम होतं, घसरतं. मी स्वतः पाहिलंय."

"माझ्याही गाडीला तसंच आहे. म्हणून तर मागची डिस्क बघितली. तिच्या आत दातेरी चकती आहे आणि शेजारी चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. या गाडीला दोन्ही चाकांना एबीएस आहे."

"बंद पडलं असेल."

"मग चालवून बघू. तिथंच."

साहेबांनी बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. "एकदाच," ते म्हणाले.

साहेब, दोन हवालदार आणि ती गाडी घेऊन मोरीजवळ आले. मागचा दिवा फुटला होता, नंबरप्लेट आत वाकली होती, हँडल थोडं तिरकं झालं होतं, पण इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. सुनिता हेल्मेटचा पट्टा आवळत असताना एक जीप येऊन थांबली. हरिश्चंद्र सावे खाली उतरले. उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस, पण उतरताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला.

"माझ्या मुलाच्या गाडीवर बसून काय तमाशा चाललाय?"

"काका, दोन मिनिटं द्या."

"त्या टेम्पोवाल्याला सोडवायचंय ना तुम्हाला? तुमच्यातलाच ना तो?"

दोघं हवालदार एकमेकांकडे बघत राहिले. सुनिताने हेल्मेटची काच खाली केली.

ती लांबवर जाऊन वळली. चावी फिरवली तेव्हा एबीएसचा पिवळा दिवा लागला होता. गाडीने जरा वेग घेताच तो विझला. म्हणजे यंत्रणा जागी होती. सुरूची झाडं दोन्ही बाजूंनी धावायला लागली. काळी रेघ जिथून सुरू होत होती, तिथे तिने पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक अंगातल्या सगळ्या जोरानिशी दाबले.

ब्रेकची दांडी बोटांखाली धडधडली. पायाखालची पट्टीही थरथरली. गाडीने मान खाली घातली आणि रेघ अर्धीही झाली नव्हती तोवर सरळ उभी राहिली. घसरली नाही, फरपटली नाही.

सुनिता खाली उतरली. डांबरावर काही पुसट ठिपके होते. दुसरी रेघ नव्हती.

तिने गाडीची मागची बाजू साहेबांकडे वळवली. वाकलेल्या नंबरप्लेटवर रबराचा एक अरुंद, उभा, काळा पट्टा होता. "टेम्पोच्या पत्र्याच्या बंपरला रबर कुठून आलं, साहेब? हे टायर घासल्याचं आहे. अरुंद टायर."

हरिश्चंद्र सावे जवळ आले आणि त्या मोकळ्या डांबराकडे पाहत राहिले.

"म्हणजे तो... थांबला होता?"

"हो काका. ऋषभ वेळेत थांबला होता. ज्याला थांबता आलं नाही, तो त्याच्या मागे होता. ही रेघ त्याची आहे, आणि तो मोटरसायकलवर होता." तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "संध्याकाळपर्यंत हे इथल्या माणसांपलीकडे जाऊ द्यायचं नाही. गावात जे चाललंय तेच चालू दे. पोरगं घसरलं आणि टेम्पोनं उडवलं."

मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "काका, त्याच्या मागे कोण असू शकेल?"

सावेंनी पुतण्याचं नाव घेतलं. "परवा नविन त्याच्यावर ओरडला होता. भर नाक्यावर. कुणीतरी एक दिवस तुला उडवील, म्हणाला."

३

नविन सावे बोर्डीच्या घरामागे चिकूच्या वाडीत होता. तिरडीचे बांबू कापत होता. ऋषभहून सहा-सात वर्षांनी मोठा. सकाळपासून डोळ्यांतून पाण्याचा टिपूस काढलेला नाही असं त्याचं तोंड होतं.

त्याची मोटरसायकल पंपाच्या खोलीजवळ उभी होती. जुनी, साध्या ब्रेकची. सुनिताने आधी तिच्याकडेच पाहिलं. मागचं टायर नवं कोरं होतं. त्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा अजून झिजले नव्हते.

"टायर कधी बदललंस?"

"काल." कोयता थांबला. "का?"

"ऋषभला काय म्हणाला होतास परवा?"

नविनने तिच्याकडे सरळ पाहिलं. "सगळ्या गावानं ऐकलंय, तुम्ही मला कशाला विचारता? कुणीतरी एक दिवस तुला उडवील, असं म्हणालो. आणि उडवलं."

"का म्हणालास?"

"कारण त्याला खेळ लागला होता!" आता मात्र त्याचा बांध फुटला. "नवी गाडी आली तेव्हापासून. कुणालातरी मागे घ्यायचं, वेग धरायचा आणि एकदम कचकन ब्रेक मारायचा. बघ, कशी उभी राहते! याची गाडी उभी राहायची, मागच्याचं काय? परवा मी मागे होतो. कशीबशी गाडी बाजूच्या खड्ड्यात घातली. तेव्हाच टायर कापलं ना माझं. म्हणून ओरडलो. ते त्याच्याशी शेवटचं बोलणं झालं माझं, मॅडम."

"जुनं टायर कुठंय?"

त्याने विहिरीकडे बोट दाखवलं. टायर काठाला टेकवून ठेवलं होतं. सुनिताने ते हातात घेऊन पूर्ण फिरवलं. बाजूला चीर होती, खड्ड्यातल्या दगडाची. पण जमिनीला लागणारा पृष्ठभाग सगळीकडे सारखा झिजलेला. एखादं चाक जाम होऊन लांबवर फरपटत गेलं, की रस्त्यावर रेघ उमटते आणि टायरवरही तिची दुसरी बाजू राहते. जो भाग घासला जातो तेवढाच सपाट होतो. या टायरवर तसं काही नव्हतं. कालच्या नव्या टायरवर तर केसही शाबूत होते.

नविनची गाडी ती नव्हती.

"त्याच्या या खेळात आणखी कोण असायचं?"

"मी नसलो की उमेश. पण तो तर आज पहाटेच कामावर गेलाय, अच्छाडला." नविनने पुन्हा कोयता उचलला. "जिगरी दोस्त. त्याला मीच फोन केला. रडत होता. अजून आला मात्र नाही."

४

अच्छाडला हमरस्त्यावर ट्रकांची रांग गुजरातच्या हद्दीपर्यंत लागली होती. उमेश चुरी तिथल्या एका वजनकाट्यावर कामाला होता. काट्याच्या कचेरीत पंखा गरम हवा फिरवत होता, आणि अशा उकाड्यात त्याने लांब बाह्यांचा सदरा घातला होता.

"बसा मॅडम." त्याचे डोळे लाल होते. "काटा बंद करता येत नाही. संध्याकाळी बॉडी आणतील तेव्हा जाईन."

"ऋषभ सकाळी कुणाबरोबर निघाला होता, माहीत आहे?"

"नाही. मी उजाडायच्या आत निघालो, झाईवरून इकडे. त्या बाजूला गेलोच नाही."

उत्तरं नीट होती. फार विचारण्यासारखं काही निघेना. सुनिता बाहेर आली. त्याची मोटरसायकल निंबाच्या सावलीत बाजूच्या स्टँडवर उभी होती. मागचं टायर जुनं, पण दिसेल तेवढा भाग सारखाच झिजलेला. पुढचं मडगार्ड नव्हतं.

"याचं मडगार्ड कुठंय?"

"काढून ठेवलंय. चिखल अडकतो."

तो तिला ठाण्याच्या जीपपर्यंत सोडायला आला. दार लावताना त्याने काचेवर हात ठेवला.

"मॅडम, त्या टेम्पोवाल्याला फार मारलं म्हणे?"

"डोळा उघडत नाही त्याचा."

उमेशचा चेहरा वेडावाकडा झाला. "असं कशाला करतात लोक? त्याची काय चूक? पुढचा माणूस खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी उभा राहिला, तर मागच्यानं करायचं काय?"

सुनिताला त्याच्याबद्दल बरंच वाटलं. सबंध दिवसात लडक्याची बाजू घेणारा हा पहिलाच माणूस भेटला होता.

जीप परतीला लागली. तलासरीच्या अलीकडे पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला. जीपचा चालकही ब्रेकवर उभाच राहिला; सुनिताचे दोन्ही हात समोर आपटले.

"काय माणूस आहे!" चालक कडाडला. "असा मध्येच उभा राहतो होय!"

सुनिताला उमेशचं वाक्य आठवलं. जागच्या जागी उभा राहिला.

गावात सगळे एकच म्हणत होते, की ऋषभ घसरला. चाक जाम झालं, गाडी फरपटत गेली. तो जागच्या जागी उभा राहिला होता, हे मोरीजवळ असलेल्या मोजक्या माणसांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. उमेश तर सकाळपासून अच्छाडला होता.

आणि मे महिन्यात, जमिनीला भेगा पडलेल्या असताना, त्याच्या चाकात चिखल कुठून अडकत होता?

"जीप वळव," ती म्हणाली.

५

उमेश काट्याच्या दाराशीच उभा होता. जीप परत येताना त्याने पाहिली असावी. पळाला नाही.

"गाडी जरा पुढे ढकल," सुनिता म्हणाली.

"कशाला?"

"अर्धा फेरा. बस."

तो हलला नाही. सुनिताने स्वतःच स्टँड उचललं आणि गाडी पुढे रेटली. मागचं चाक संथपणे फिरलं. जमिनीला टेकलेला भाग वर आला. तिथे तळहाताएवढा पट्टा किसणीवर घासल्यासारखा सपाट झाला होता; रबराच्या वळकट्या कडेला अजून चिकटलेल्या होत्या.

काट्यावर एक ट्रक चढला. चालकाने हॉर्न दिला. कुणीच लक्ष दिलं नाही.

"बाही वर कर, उमेश."

त्याने केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलवटून निघाली होती. त्यावर सदऱ्याचे धागे चिकटले होते.

"मला जो वेळ लागला तो लागला," सुनिता खालच्या आवाजात म्हणाली. "आता तूच सांग."

तो निंबाच्या बुंध्याशी बसला. सांगताना तिच्याकडे बघत नव्हता, रस्त्यावरच्या ट्रकांकडे बघत होता. पहाटे ऋषभ त्याच्याकडे आला होता. डहाणूला जाऊन नाश्ता करू, मग तू कामाला जा, म्हणाला. वाटेत त्याने दोनदा तो खेळ केला. दोन्ही वेळा उमेशने बाजूने गाडी काढली. मोरीपाशी बाजूला जायला जागाच नव्हती.

"मी मागचा ब्रेक दाबला. सगळा पाय देऊन दाबला, मॅडम. चाक जाम झालं. गाडी थांबतच नाही. तो आरशात बघून हसत होता. मला दिसत होतं तो हसतोय ते. आणि गाडी जातच होती."

"मग?"

"आदळलो. मी पण पडलो. तो कठड्याजवळ. मी गेलो त्याच्याजवळ." उमेशने तोंड झाकून घेतलं. "डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होता. मागून कसलीतरी गाडी येतेय असा आवाज आला. वाटलं, ते नेतील त्याला. मी थांबलो तर सगळे म्हणतील मीच मारला. मडगार्ड तुटून लोंबत होतं, ते ओढून काढलं आणि निघून आलो."

"आणि लडक्याला मारत होते तेव्हा?"

"एका माणसाला तरी सांगीन असं वाटत... नाही, खोटं बोलतोय. कुणालाच सांगणार नव्हतो."

सुनिताला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना न पुसता.

"ऐक. ऋषभनं खेळ केला. तू फार जवळ राहिलास. ते दोघांचंही चुकलं, आणि त्याला अपघात म्हणता आलं असतं. पण तो जिवंत असताना तू त्याला टाकून गेलास. आणि दुसऱ्याला तुझ्या जागी कोठडीत बसू दिलंस. तिथून पुढचं सगळं तू स्वतः केलंस."

त्याने मान डोलावली. मग हात पुढे केले, जणू ती बेड्या घालेल म्हणून. तिने त्याला फक्त जीपचं दार उघडून दिलं.

६

ठाण्याच्या फाटकाशी गर्दी होती तशीच होती. हरिश्चंद्र सावे आता तिथे आले होते, नविनही होता. जीपमधून उमेश उतरला तेव्हा माणसांमधून एक कुजबुज सरकत गेली. नविन दोन पावलं पुढे झाला. सावेंनी त्याचा दंड धरला.

"नको," ते म्हणाले. "सकाळी एकाला मारून झालंय आपलं."

साहेबांनी कोठडी उघडायला सांगितली. लडक्या बाहेर आला, उजेडाने त्याचा एकच उघडा डोळा मिचमिचला. गर्दीने वाट करून दिली. काही जणांनी माना खाली घातल्या, बाकीच्यांना आता घरी कामं आठवली. तुळशी पायरीवरून उठून नवऱ्याजवळ गेली आणि पदराने त्याच्या कपाळाचा घाम पुसला.

सावे त्या दोघांसमोर येऊन उभे राहिले. हात जोडावेत की काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. सुनिता दारातच थांबली. काय बोलतील याची तिला भीती वाटत होती. ते काहीतरी देऊ करतील, आणि लडक्याला ते घ्यावं लागेल.

पण त्यांनी काही देऊ केलं नाही. "टेम्पोत त्याच्याजवळ कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी," तुळशी म्हणाली. "मागं, पाट्यांमधी. हे गाडी चालवत होते."

"काही बोलला का तो?"

तुळशीने नवऱ्याकडे पाहिलं. मग सुनिताकडे. हे सांगावं की नाही, असं तिच्या मनात असावं. दिवसभर हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"आई म्हणला," ती म्हणाली. "दोनदा."

सावेंच्या मिशा थरथरल्या. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मग?"

"मग काय?" तुळशीने सहज, घरातल्या पोराबद्दल सांगावं तसं सांगितलं. "डोकं मांडीवर होतं. म्हटलं, ओ."

हरिश्चंद्र सावे पोलीस ठाण्याच्या पायरीवर मटकन बसले. तुळशी क्षणभर तशीच उभी राहिली, मग त्यांच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, ती पण बसली.